कावीळ संपूर्ण पॅनेल : सोलापुरातील एका प्रयोगशाळेच्या सेवेचे परीक्षण

पावसाळा तोंडावर आला की सोलापुरातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळांच्या दारांवर काविळीच्या तपासण्यांचे फलक झळकू लागतात. त्यांपैकीच एका प्रयोगशाळेचे 'कावीळ संपूर्ण पॅनेल' गेल्या मोसमात आमच्या घरातील तिघांसाठी घेण्यात आले. दर माणशी 2,900 रुपये, घरी येऊन रक्त घेण्याचे वेगळे शुल्क नाही आणि एका कुटुंबातील तिघांनी तपासणी केल्यास दहा टक्के सवलत, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रयोगशाळेचे नाव मी येथे देत नाही, कारण जे दोष मी नोंदवणार आहे ते अशा पॅनेलच्या रचनेतच असून शहरातील इतर फलकांवरही थोड्याफार फरकाने तेच दिसतात.

तपासणीचे निमित्त माझा पुतण्या होता. तो अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. आठवडाभर अंगात कणकण होती, अन्नावरची वासना उडाली होती, नंतर लघवी गडद झाली आणि डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टरांनी यकृताच्या कार्याची तपासणी व विषाणूंच्या चाचण्या सांगितल्या. प्रयोगशाळेच्या काउंटरवर गेल्यावर मात्र, 'घरात एकाला कावीळ आहे म्हणजे सगळ्यांचीच करून घ्या,' असा आग्रह झाला, आणि त्यातून माझ्या वहिनी आणि पुतण्याची सात महिन्यांची गरोदर असलेली बायको, म्हणजे आमची सून, यांचीही नावे यादीत गेली.

फलकावर 'ए ते ई, पाचही विषाणूंची तपासणी', म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिसच्या पाचही विषाणूंची, असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. अहवालात प्रत्यक्षात चारच विषाणू आहेत : ए आणि ई यांच्या आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी, बी साठी एचबीएसएजी (त्या विषाणूच्या आवरणावरील प्रथिनाची चाचणी) आणि सी साठी अँटी-एचसीव्ही (त्याच्या प्रतिपिंडांची चाचणी). डी गायब आहे. वैद्यकीय दृष्टीने त्यात काहीही चूक नाही, कारण डी हा विषाणू स्वतःच्या बळावर संसर्ग टिकवूच शकत नाही. त्याला आपले बाह्य आवरण बी विषाणूकडून घ्यावे लागते, आणि म्हणून ज्याला बी नाही त्याची डी साठी तपासणी करण्याचे कारण नसते. तज्ज्ञ डॉक्टर ती चाचणी एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णापुरतीच सांगतात. म्हणजे प्रयोगशाळेने वागणूक योग्य ठेवली आहे आणि जाहिरात मात्र चुकीची केली आहे. फलकावरचा एक शब्द बदलून हे सुधारता येईल. मी तशी सूचना लेखी दिली आहे.

घरी येऊन रक्त घेण्याची त्यांची सेवा ही या सगळ्यातील सर्वांत चांगली गोष्ट आहे आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. सकाळी ठरलेल्या वेळेला आलेल्या तरुणाने प्रथम हात धुण्यासाठी पाणी मागितले, हातमोजे चढवले, सुईचे पाकीट आमच्या डोळ्यांसमोर फाडले आणि प्रत्येक माणसासाठी हातमोजे बदलले. रक्त घेऊन झाल्यावर त्याने सुईवर पुन्हा टोपण बसवण्याचा प्रयत्न केला नाही, जो अनेक ठिकाणी होतो आणि ज्यातून तंत्रज्ञांनाच सुई टोचण्याचा धोका असतो. ती सुई त्याने सोबत आणलेल्या, न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात सरळ टाकली. पिवळ्या टोपणाच्या नळ्यांवर नाव, वय आणि वेळ त्याने तेथेच, रुग्णाला नाव विचारून, लिहिली. वहिनींची शीर सापडत नव्हती, तेव्हा त्याने घाई न करता दुसरा हात पाहिला आणि, 'काकू, मूठ सैल सोडा, बोलत राहा,' असे म्हणत एकाच टोचणीत काम उरकले.

याला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की बी आणि सी हे विषाणू नेमके अशाच ठिकाणी पसरतात. बी विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो, आणि त्यासाठी लागणारे रक्त डोळ्यांना दिसेल एवढेही असावे लागत नाही. 2009 साली गुजरातमधील मोडासा येथे बी हिपॅटायटिसची जी साथ आली आणि जिच्यात अनेकांचे प्राण गेले, तिच्या मुळाशी वापरलेल्या सिरिंज व सुया पुन्हा वापरणे हेच होते. दाढीचे पाते, कान टोचण्याची तार, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत एकामागून एक हात गोंदणारी तीच ती सुई, एकाच टूथब्रशचा किंवा नेलकटरचा घरात होणारा वापर, असुरक्षित शरीरसंबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होणारा संसर्ग, हे या दोन विषाणूंचे मार्ग आहेत. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने किंवा एकाच खोलीत झोपल्याने ते पसरत नाहीत. ज्या प्रयोगशाळेला सुई हाताळण्याची शिस्त आहे तिला मी त्या एका गोष्टीसाठी बरेच गुण देईन.

अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. पुतण्याचे एकूण बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य, डेसिलिटरमागे 9.4 मिलिग्रॅम होते, जे साधारणपणे 1.2 च्या आत असावे लागते; यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एसजीपीटी हे एन्झाइम दीड हजारांच्या वर होते, जे साधारणपणे चाळिशीच्या आत असते. ई साठीचे आयजीएम पॉझिटिव्ह, बाकी सर्व निगेटिव्ह. येथे प्रयोगशाळेने एक गोष्ट बरोबर केली आहे, ती म्हणजे ए आणि ई साठी आयजीएम चाचणी दिली आहे, आयजीजी नव्हे. आपल्याकडे बहुतेक प्रौढांना ए चा संसर्ग लहानपणीच, कित्येकदा डोळे पिवळे न होताही, होऊन गेलेला असतो आणि त्याची आयजीजी प्रतिपिंडे आयुष्यभर टिकतात. त्यामुळे ती सापडली म्हणून आजची कावीळ ए चीच, असे म्हणता येत नाही. चालू संसर्ग आयजीएम दाखवते. काही स्वस्त पॅनेलमध्ये 'एकूण प्रतिपिंडे' तपासून रुग्णाचा गोंधळ उडवला जातो. येथे ते झाले नाही.

ई हा निकाल आमच्या शहरात आश्चर्याचा म्हणता येणार नाही. ए आणि ई हे दोन्ही विषाणू विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित पाण्यातून व अन्नातून तोंडावाटे शरीरात जातात. सोलापूरला उजनी धरणातून, भीमेवरील टाकळी येथून आणि हिप्परगा तलावातून पाणी मिळते. परंतु ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने पाळी येते, आणि त्या वेळी नळाला मोटार लावून हौद, टाक्या आणि पिंपे भरून ठेवावी लागतात. मधल्या दिवसांत जलवाहिनी रिकामी पडते. ती गटाराच्या शेजारून जात असेल आणि कोठे चिरलेली असेल, तर बाहेरचे सांडपाणी आत शोषले जाते आणि पुढच्या पाळीच्या पहिल्या गढूळ पाण्याबरोबर घराघरांत पोहोचते. नळाच्या शेवटच्या टोकाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा निकष आहे, आणि पाणीपुरवठ्याचे कर्मचारी ओटी (ऑर्थोटोलिडीन या रसायनाची) चाचणी करून पिवळा रंग येतो का ते पाहतात. पण तेच पाणी पिंपात चार दिवस राहिले की तो क्लोरीन उरत नाही. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेत मिसळलेले सांडपाणी शहराच्या पाण्यात शिरले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. त्या वेळी जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून कित्येक वर्षांनंतर असे सिद्ध झाले की तो ए नव्हता, आज आपण ज्याला ई म्हणतो तोच विषाणू होता. आपल्या जवळच्या इचलकरंजीने 2012 मध्ये याच ई ची साथ सोसली.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतचा काळ जातो, आणि म्हणून पुतण्याला हे नेमके कोठून आले, कारखान्यातील माठातून, घरच्या पिंपातून की रस्त्यावरच्या बर्फाच्या गोळ्यातून, हे सांगता येणे कठीण आहे. बर्फाचा उल्लेख मुद्दाम केला. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात आहे, तरी उन्हाळ्यात रसवंतीच्या फडक्याखाली कोणता बर्फ आहे हे ग्राहक क्वचितच पाहतो. आणि कावीळ झालेल्या माणसाला आपण आग्रहाने पाजतो तो उसाचा रस. त्यात पडणारा बर्फ आणि धुतलेले पेले यांचे पाणी कोणते, याची चौकशी मात्र करीत नाही.

सेवेचा सर्वांत कमकुवत भाग येथून सुरू होतो. अहवाल घेताना सून काउंटरवर होती. तिला सांगण्यात आले की नवऱ्याची कावीळ तिला लागेल, तेव्हा तिने वेगळ्या खोलीत झोपावे, त्याची भांडी वेगळी ठेवावीत आणि हळद बंद करावी. गरोदर स्त्रीने ई विषाणूपासून जपावे, ही भीती अगदी रास्त आहे : इतर निरोगी माणसांत हा आजार बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो झाल्यास यकृत अचानक निकामी होण्याचा धोका मोठा असतो आणि अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. पण ई माणसाकडून माणसाला सहजी लागत नाही. खरा धोका खोलीतला नव्हता. तो दोघे पीत असलेल्या एकाच पिंपातील पाण्यात होता, आणि पाणी खळखळून उकळून प्या, पिंप रिकामे करून घासून घ्या, पाळीचे पहिले पाणी सोडून द्या, पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका, शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवा, यांपैकी एकही वाक्य तेथे उच्चारले गेले नाही. हळद बंद केल्याने यकृताचे काहीही भले होत नाही. सुदैवाने सुनेचा अहवाल निर्दोष आला आणि तिच्या डॉक्टरांनी तिला चिन्हे सांगून लक्ष ठेवण्यास सांगितले.

तिच्या अहवालात एचबीएसएजी निगेटिव्ह असा एक रकाना होता. ही चाचणी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तपासण्यांतच झालेली होती, कागद फाईलमध्ये होता आणि तो दाखवला असता तरी पॅनेलमधून ती वगळता आली नसती, कारण पॅनेल 'तोडून' मिळत नाही. एका बाजूने ही चाचणी गरोदर स्त्रीसाठी फार मोलाची आहे, हे मान्य केले पाहिजे. बी विषाणू जन्मावेळी बाळाला झाला तर सुमारे 90 टक्के बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो आणि पुढे कित्येक वर्षांनी यकृत आकसणे किंवा यकृताचा कर्करोग यांना वाट करून देतो; तोच संसर्ग निरोगी प्रौढाला झाला तर शंभरांत पाचांपेक्षा कमी जणांत टिकतो. म्हणून आई पॉझिटिव्ह असो वा नसो, प्रत्येक बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत बी ची लस द्यावयाची असते, आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरील एकत्रित लसीतून तिचे डोस होतात. आई पॉझिटिव्ह असल्यास त्यासोबत बाळाला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, लवकरात लवकर द्यावे लागते. एवढी महत्त्वाची चाचणी या पॅनेलमध्ये झटपट निकाल देणाऱ्या कार्ड पद्धतीने केली होती, प्रयोगशाळेत होणाऱ्या अधिक भरवशाच्या एलायझाने नव्हे, आणि ही बाब अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती. प्राथमिक चाळणीसाठी कार्ड चालते. 2,900 रुपयांत मात्र ग्राहकाने एलायझाची अपेक्षा ठेवली तर ती अवाजवी नाही.

दुसरी उणीव याच रकान्यातील मौनाची आहे. निगेटिव्ह आलेल्या प्रौढाला पुढे काय, हे अहवाल सांगत नाही. ज्याला बी चा संसर्ग नाही आणि ज्याने लस घेतलेली नाही, त्याला शून्य, एक आणि सहा महिन्यांनी तीन डोस घेता येतात आणि तेवढ्याने तो या विषाणूपासून, व ओघानेच डी पासूनही, सुरक्षित होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात बी चे सुमारे 2.98 कोटी आणि सी चे सुमारे 55 लाख रुग्ण होते. त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो, कारण हे दोन विषाणू बहुधा डोळे पिवळे न करताच वर्षानुवर्षे राहतात. तपासणी करून घेतलेला निगेटिव्ह माणूस लस घेण्यास सर्वाधिक तयार असतो आणि त्याच क्षणी प्रयोगशाळा त्याला कागद देऊन मोकळी होते.

वहिनींच्या अहवालाने मात्र घरात खळबळ उडाली. रात्री साडेनऊनंतर व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली आणि तिच्यात अँटी-एचसीव्हीच्या पुढे लाल अक्षरांत 'रिअॅक्टिव्ह' एवढेच होते. ना टीप, ना दूरध्वनी. वहिनींना 1987 मध्ये थोरल्या मुलीच्या बाळंतपणात अतिरक्तस्रावामुळे रक्त चढवावे लागले होते. त्या काळी रक्ताची सी साठी तपासणी होणे शक्यच नव्हते, कारण तो विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये. त्याच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चे नोबेल मिळाले. आज रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीची बी, सी, एचआयव्ही, मलेरिया आणि गुप्तरोगासाठी तपासणी बंधनकारक आहे. अँटी-एचसीव्ही रिअॅक्टिव्ह येण्याचा अर्थ एवढाच की शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली असावी. काही जणांचे शरीर विषाणूला स्वतःहून हुसकावून लावते आणि प्रतिपिंडे तेवढी मागे राहतात. विषाणू आज आहे की नाही हे आरएनए चाचणी, म्हणजे रक्तातील विषाणूच्या जनुकीय द्रव्याची चाचणी, सांगते. हे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण त्या पीडीएफवर छापलेले असते, तर साठी ओलांडलेल्या बाईची ती रात्र शांत गेली असती.

आरएनए चाचणी नंतर झाली आणि विषाणू आढळला नाही. आढळला असता तरी घाबरून जाण्याचे दिवस गेले आहेत : सी वर लस नसली, तरी बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो 95 टक्क्यांहून अधिक वेळा मुळासकट जातो, आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी व सी ची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. जिल्ह्यातील त्या कार्यक्रमाचे केंद्र कोठे आहे, याची एक ओळ प्रत्येक खासगी अहवालावर असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निष्पक्षपणे हेही नोंदवले पाहिजे की वहिनींना काविळीसाठी हे पॅनेल घेण्याची गरज नव्हती, तरी त्यातील ही एक चाचणी त्यांच्यासाठी फार वर्षांपूर्वी व्हायला हवी होती.

पॅनेलमधील माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर त्रुटी अगदी वेगळीच आहे. त्यात प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पीटी-आयएनआर, नाही. विषाणू कोणता, यापेक्षा यकृत कितपत तग धरून आहे हे रुग्णाच्या जिवासाठी अधिक तातडीचे असते, आणि बिलिरुबिन किंवा एसजीपीटी यांच्या मोठ्या आकड्यांपेक्षा रक्त गोठण्यास लागणारा वेळ ते अधिक खरेपणाने सांगतो, कारण गोठण्याचे घटक यकृतच तयार करते. आमच्या डॉक्टरांनी अहवाल पाहताच हीच चाचणी मागितली. त्यासाठी फिकट निळ्या टोपणाची वेगळी नळी लागते, तीही खुणेपर्यंत भरलेली. त्यामुळे पुतण्याला पुन्हा टोचून घ्यावे लागले आणि त्याचे वेगळे पैसे मोजावे लागले. ज्या पॅनेलला 'संपूर्ण' म्हटले आहे त्यात ही नळी पहिल्या दिवशीच भरली जायला हवी.

प्रयोगशाळेच्या बाहेर पडताना एका शेजाऱ्यांनी गळ्यात घालण्याच्या काविळीच्या माळेचा आणि चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा पत्ता दिला, तो आम्ही नम्रपणे नाकारला. हातांवर आधी विशिष्ट सालीचा रस लावलेला असेल तर चुन्याचे पाणी पिवळे होतेच, मग कावीळ असो वा नसो. आणि बहुतेक ई व ए चे रुग्ण तसेही बरे होत असल्यामुळे श्रेय माळेला जाते. झोपाळूपणा, बरळणे, थांबत नसलेल्या उलट्या किंवा कोठूनही रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास माळ नव्हे, तर रुग्णालय गाठावे. दारू वर्ज्य आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटॅमॉलसह कोणतीही गोळी किंवा जडीबुटी नाही, एवढी पथ्ये खरी आहेत. अळणी उकडलेल्या अन्नाने रुग्ण अशक्त होण्यापलीकडे काही साधत नाही. पुतण्याने तिसऱ्या आठवड्यापासून शेंगाचटणी आणि भाकरी व्यवस्थित खाल्ली.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी माझी शिफारस अशी : रक्त घरीच द्यावे, त्या कामात प्रयोगशाळेला मी पाचपैकी पाच गुण देतो. डोळे पिवळे झालेल्या रुग्णासाठी पॅनेल घेण्यास हरकत नाही, मात्र पीटी-आयएनआर त्याच वेळी जोडून मागावे आणि एचबीएसएजी एलायझाने करण्यास सांगावे. घरातील इतरांसाठी सवलतीच्या मोहात पडू नये. बी आणि सी च्या दोन चाचण्या स्वतंत्रपणे मागितल्यास त्या हजाराच्या आसपास होतात. काउंटरवरच्या सल्ल्याला मी पाचपैकी एक गुण देतो. तेथील पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर दुपारी अकरा ते एक या वेळेत अहवाल समजावून सांगतात, आणि वहिनींना त्यांनी दहा मिनिटांत जेवढे शांतपणे समजावले तेवढे इतर कोणीही समजावले नव्हते. पण ते भेटतात ही माहिती ना फलकावर आहे, ना पावतीवर, ना त्या पीडीएफवर, त्यामुळे ती विचारूनच मिळवावी लागते.